182 धावा देणारा माजी विद्यार्थी

शाळेचा शतकोत्तर अमुक महोत्सव जवळ आला की नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी निघते. मुंबईतल्या जुन्या मिशनरी शाळांना अशा नावांची कधी ददात पडत नाही. फोर्टातल्या सेंट झेवियर्स हायस्कूलचंच घ्या. 1869 सालची ही जेझुइटांची मुलांची शाळा आझाद मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. यादीत पहिलं नाव अर्थातच सुनील गावसकर. त्या नावाबद्दल कोण काय बोलणार? पण नावामागून जो हक्क सांगितला जातो, तो जरा तपासून घ्यावासा वाटतो.

सुनीलचे मामा माधव मंत्री कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. वडील क्लब क्रिकेट खेळणारे, आणि घरात चेंडू टाकायला आई. असा मुलगा कुठल्याही शाळेत गेला असता तरी बॅट घेऊनच बाहेर पडला असता. मग झेवियर्सने काय केलं? त्याला सामने दिले. शालेय क्रिकेटमध्ये त्याने नाबाद 246 आणि 222 अशा खेळ्या केल्या आणि 1966 साली तो देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला. संघ उभा करणं, पोरांना मैदानावर पाठवणं, सामन्यासाठी वर्गातून सोडणं, एवढंच शाळेचं काम. ते कमी नाही, पण ते एकट्या सुनीलसाठी केलेलं नव्हतं.

त्याच शाळेत त्याचा बालमित्र मिलिंद रेगे होता. शाळा एक, कॉलेज एक, दादर युनियन हा क्लबही एकच. रेगे यांना सव्विसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरही ते मैदानात परतले आणि मुंबईचे कर्णधार झाले. कसोटी मात्र खेळले नाहीत, म्हणून यादी करणाऱ्याचा हात तिथे अडखळतो.

काही नावांवर शाळांचा हक्क तर फारच पातळ असतो. वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता माझगावच्या सेंट मेरीजचे, हे खरं. पण वडील मेहली मेहतांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला होता आणि मुलगा 1954 मध्ये व्हिएन्नाला गेला. त्यात सेंट मेरीजचा वाटा शोधायला भिंग लागेल. उलट माटुंग्याच्या डॉन बॉस्कोने रवी शास्त्रीवर खुशाल हक्क सांगावा. आदल्या वर्षी अंतिम फेरीत सेंट मेरीजकडून हरलेल्या या शाळेने 1977 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पहिल्यांदा गाइल्स शील्ड ही आंतरशालेय स्पर्धा जिंकली. ढाल शाळेची, कर्णधारही शाळेचाच.

पण मला विचाराल तर झेवियर्सच्या यादीतलं सगळ्यात हक्काचं नाव एका पराभवातून येतं.

फेब्रुवारी 1988. हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, आझाद मैदान, झेवियर्ससमोर शारदाश्रम शाळा. शारदाश्रमचे 84 धावांत दोन बळी गेले आणि मग सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. एक चौदा वर्षांचा, दुसरा सोळाचा. डाव घोषित करा, हा त्यांचे प्रशिक्षक आचरेकर सरांचा निरोप दोघांनी कसा कानाआड केला, ते किस्से मुंबईकराला पाठ आहेत. शारदाश्रम 2 बाद 748. मग कांबळीनेच 37 धावांत सहा बळी घेतले आणि झेवियर्स 145 मध्ये आटोपलं.

हा सामना नेहमी दोन मुलांचा म्हणून सांगतात. पण झेवियर्सची अकरा मुलं दिवसभर चेंडूमागे धावत होती आणि त्यातला एक पंधरा वर्षांचा लेगस्पिनर होता साईराज बहुतुले. 27 षटकं, 182 धावा, बळी शून्य. त्या वयात अशी धुलाई झाली की बरीच मुलं फिरकी सोडून अभ्यासाला लागतात. (घरचेही तोच सल्ला देतात.) साईराजने चेंडू सोडला नाही. 1990 मध्ये मोटार अपघातात पायाला जबर इजा झाली, तरी तो पुन्हा उभा राहिला. मुंबईसाठी वर्षानुवर्षं बळी घेत राहिला. प्रथम श्रेणीत त्याच्या नावावर 630 बळी आहेत आणि सहा हजारांवर धावा. कसोटी वाट्याला आल्या दोनच. पहिली 2001 मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध. संघात सचिन होताच, आणि त्याने त्या सामन्यात शतक ठोकलं. या वेळी साईराज त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये होता.

शाळांनी गौरवफलक जरूर लावावेत, पण त्याशेजारी हरलेल्या सामन्यांचे धावफलकही लावावेत. प्रवेशासाठी आलेल्या पालकांना ते रुचणार नाही, हे मान्य. गावसकरांचा फोटो पाहून त्यांना आपला मुलगा तिथे दिसतो. 748च्या फलकावर तो सीमारेषेवर चेंडू आणायला धावताना दिसेल, आणि दहातल्या नऊ मुलांच्या नशिबी शाळेत तेच असतं.

बाकी यादीत अडखळवणारे ते मिलिंद रेगे. झेवियर्सची पोरं झोडपली गेली त्याच 1988च्या अखेरीस सचिन मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. त्याला संघात घेणाऱ्या निवड समितीत रेगे होते.