गहू न सोसणाऱ्या मुलाचा डबा

शाळेतून परत आलेल्या मुलाचा डबा उघडून पाहणे हा प्रत्येक गृहिणीचा नित्याचा परिपाठ असतो. डबा रिकामा असला की तिचे समाधान होते. भरलेला असला तर मुलाला दोन शब्द ऐकावे लागतात व विषय तेथेच संपतो. परंतु ज्या घरातील मुलाला गहू सोसत नाही, त्या घरात भरलेला परत आलेला डबा ही साधी गोष्ट नसते. भाकरी वातड झाली म्हणून उपाशी राहिलेले मूल मधल्या सुट्टीत सोबत्याच्या डब्यातील पोळीचा तुकडा किंवा बिस्किट खाते, आणि महिनोन्‌महिने सांभाळलेले पथ्य एका घासात मोडते. म्हणून अशा मुलाचा डबा निर्दोष असणे जितके आवश्यक आहे, तितकेच तो रुचकर असणेही आवश्यक आहे. रुची ही येथे चैन नसून उपचाराचाच एक भाग होय.

विकाराचे स्वरूप

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा चिवटपणा, पोळीचा मऊपणा व पावाचा फुगीरपणा ही सर्व त्याचीच देणगी होय. सीलिॲक नावाच्या विकारात मात्र हे प्रथिन पोटात गेले असता शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्यातील रसांकुर झिजू लागतात. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. मुलाची वाढ खुंटते, पोट फुगते, वारंवार जुलाब होतात, रक्त कमी होते. जंतांचे औषध देऊन व दृष्ट काढून अनेक घरांत वर्षे निघून जातात.

या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी स्पष्ट केला. 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हे रुग्ण सुधारले आणि पाव पुन्हा मिळू लागताच ते पूर्ववत आजारी पडले. डिके यांनी आपला प्रबंध 1950 मध्ये सादर केला. आजही ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच या विकारावरील खात्रीचा उपचार आहे. मात्र केवळ संशयावरून गहू बंद करू नये. रक्ताची व आवश्यक तेथे आतड्याची तपासणी मूल गहू खात असतानाच व्हावी लागते. गहू आधी बंद केल्यास निष्कर्ष फसवा येण्याचा संभव असतो. ज्या मुलास असा विकार नाही, त्याचा गहू तोडण्याचे काही कारण नाही, हेही येथे सांगणे अवश्य आहे.

उत्तर घरच्या कणगीत आहे

पाव हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्या देशांतील आईबापांना या पथ्याने मोठ्या अडचणीत टाकले. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, तांदूळ, मका व राजगिरा यांपैकी एकाही धान्यात हे प्रथिन नाही. सोलापूरकडील मालदांडी ज्वारी असो वा कोकणातील नाचणी असो, या धान्यांवर पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसे पोसली आहेत. नाचणीत तर 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलीग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असते आणि वाढ खुंटलेल्या मुलाच्या हाडांना त्याचीच गरज असते.

असे असता अडचण कोठे येते? पहिली अडचण प्रतिष्ठेची आहे. डब्यात पोळी असणे हे सुस्थितीचे व भाकरी असणे हे गरिबीचे लक्षण, अशी समजूत गावोगावी रुजली आहे. भाकरीला घरातीलच वडीलधारी माणसे नाके मुरडू लागली, तर मुलाने ती अभिमानाने शाळेत न्यावी ही अपेक्षा व्यर्थ आहे. यास्तव अशा घरात निदान एक वेळ तरी सर्वांच्या ताटात भाकरी असावी. एकट्यासाठी निराळे शिजलेले अन्न मुलाला शिक्षा वाटते. सर्वांसोबतचे तेच अन्न जेवण वाटते.

दुसरी अडचण अज्ञानाची. खपली गहू पचनास हलका म्हणून चालेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु खपली हा गहूच आहे. रवा, मैदा, शेवया ही त्याचीच रूपे होत. सातू म्हणजे जव, आणि त्यातही अपायकारक प्रथिन असते. थालिपिठाच्या भाजणीत गहू घालण्याची चाल आहे, बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

गिरणी व खळे

तिसरी अडचण सर्वांत मोठी असून ती एकट्या गृहिणीच्या हातची नाही. ज्या जात्यावर गहू दळला, त्याच जात्यावर लगेच ज्वारी दळली, तर ते पीठ या मुलास योग्य राहत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या पदार्थात किलोमागे 20 मिलीग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, असा भारतातील अन्न सुरक्षेचा नियम आहे. गव्हाच्या एका दाण्याचे वजन सुमारे 40 मिलीग्रॅम भरते व त्याचा जवळजवळ दहावा हिस्सा ग्लुटेन असते. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे राहिले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मग गिरणीत साचलेल्या मूठभर कणकेची गोष्ट काय सांगावी!

म्हणून ज्या घरी असे मूल आहे, तेथे घरचे जाते किंवा लहान घरगुती गिरणी केवळ या धान्यांसाठी राखून ठेवावी. गहू व रब्बी ज्वारी यांची मळणी एकाच यंत्रावर व एकाच खळ्यावर होत असल्याने घरखर्चाची ज्वारी आधी मळून घ्यावी, निराळ्या पोत्यांत भरावी व दळण्यापूर्वी निवडून, धुऊन, वाळवावी. महिलांच्या बचत गटांनी गावात किंवा बाजारपेठेच्या ठिकाणी गव्हाला मज्जाव असलेली एक स्वतंत्र गिरणी चालविली, तर अशा अनेक कुटुंबांची सोय होईल, आणि भरडधान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्यास खात्रीचे गिऱ्हाईकही लाभेल. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्याचे सार्थक समारंभांपेक्षा अशा एका गिरणीने अधिक होईल.

डबा रुचकर कसा होईल

भाकरी दुपारपर्यंत मऊ राहावी यासाठी पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते व भाकरी चिरते. ग्लुटेनच्या अभावी पिठास बांधून ठेवण्याचे काम उकळत्या पाण्याने फुललेले पिष्ट करते. म्हणून पिठाची उकड काढून ते चांगले मळावे. डब्यासाठी भाकऱ्या तळहाताएवढ्या व पातळ कराव्यात, त्यांना तूप किंवा लोणी लावावे व वाफ जिरल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात.

भाकरीखेरीजही पुष्कळ प्रकार आहेत. तांदळाचे घावन, मूग व तांदूळ भिजवून केलेले धिरडे, रव्यावाचून तांदूळ-उडदाची इडली, गहू वगळलेल्या भाजणीचे थालीपीठ, कांदेपोहे, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, नाचणीचे किंवा राजगिऱ्याचे लाडू व शेंगदाण्याची चिक्की यांतून आठवड्याचे सहा डबे सहज निघतात. सोबतीस चटणी, उसळ किंवा अंडे द्यावे. आठवड्यातील दोन पदार्थ मुलाने स्वतः निवडावेत. निवडलेले अन्न मूल टाकीत नाही.

सोबत्यांसारखा पाव खावा असेही मुलास वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. बाजारचा ग्लुटेनमुक्त पाव महाग असतो. तो घरी करावयाचा झाल्यास ज्वारीचे पीठ 150 ग्रॅम, तांदळाचे पीठ 75 ग्रॅम व साबुदाण्याचे पीठ 75 ग्रॅम घ्यावे. इसबगोलाचा भुसा 15 ग्रॅम पाव लिटरहून थोड्या अधिक कोमट पाण्यात भिजवावा. ग्लुटेनचे काम हा बुळबुळीत भुसाच करतो. त्यात एक चमचा कोरडे यीस्ट, थोडी साखर, मीठ व दोन चमचे तेल घालून पीठ कालवावे व लागेल तसे आणखी पाणी घालून ते सैलसर ठेवावे. तेल लावलेल्या भांड्यात ते सुमारे तासभर फुगू द्यावे व तापलेल्या भट्टीत पाऊण तास भाजावे. पूर्ण थंड होण्यापूर्वी पाव कापू नये, अन्यथा तो आत चिकट लागतो. बाजारच्या पावाइतका तो हलका होत नाही. परंतु लोणी लावून तव्यावर भाजला असता मुले तो आवडीने खातात.

शाळेचा व गावाचा भाग

शिक्षकांना या पथ्याची स्पष्ट कल्पना द्यावी. शाळेतील तांदळाची खिचडी अशा मुलास चालण्यासारखी असते. मात्र तिचा मसाला व हिंग तपासून घ्यावा आणि डाव निराळा ठेवावा. वाढदिवसाला वर्गात बिस्किटांऐवजी चिक्की वा लाडू वाटले गेले, तर एका मुलाला बाजूला बसावे लागणार नाही, आणि इतरांचेही त्यात काही नुकसान नाही.

पथ्य जन्मभराचे आहे. ते केवळ धाकाने पाळले जात नाही. जे धान्य शेतात पिकते, तेच नीट निवडून, निराळे दळून व मन लावून रांधले, तर पथ्याचे ओझे वाटेनासे होते. शेतकरी बंधुभगिनींनी हे मनावर घेतल्यास गहू न सोसणारे मूलही इतरांच्या पंक्तीला बसून पोटभर जेवेल, आणि संध्याकाळी त्याचा डबा रिकामा घरी येईल.