शिर सलामत, पण पगडीचं काय?

शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण आपल्याकडे मोठ्या दुखण्यातून वाचून घरी आलेल्या माणसाला हमखास ऐकवली जाते. जीव वाचला ना, मग झालं! केस गेले तर गेले, दात गेले तर गेले, तोंड जरा वाकडं झालं, चालताना पाय ओढतो, त्याचं एवढं काय? म्हण खोटी नाही. पण आपण ती अर्धीच वापरतो. शिर वाचलं म्हणजे पगडी पुन्हा बांधायची सोय झाली, असा तिचा सरळ अर्थ आहे. आपण मात्र शिर वाचल्याच्या आनंदात पगडीचा विषयच मिटवून टाकतो. मग तो माणूस आतल्या खोलीत बसतो, आणि बसतो तो बसतोच.

बारामती-इंदापूरच्या कुठल्याही गावात जा, असा एखादा माणूस सापडेल. दुखण्याआधी तो स्वतः माल घेऊन जळोचीच्या उपबाजारात जायचा, आडत्याशी हुज्जत घालायचा, सोसायटीच्या मीटिंगला पुढच्या रांगेत बसायचा. आता पोरगा जातो. लग्नाला गेलाच तर मांडवाच्या कडेला उभा राहतो, अक्षता टाकतो आणि न जेवता परततो, कारण जेवताना तोंडातून घास सांडतो. भर उन्हाळ्यात गळ्याला आणि तोंडाला मफलर. अंगावर दुखण्याआधीचा सदरा, तो आता खांद्यावरून खाली लोंबतो. वर्ष-दोन वर्षांत रान वाट्यानं दिलं जातं, व्यवहार दुसऱ्याच्या हातात जातात, घरात कुणी काही विचारेनासं होतं. दवाखान्याच्या कागदावर तो बरा झालेला असतो. गावाच्या लेखी मात्र तो अजून आजारीच.

शेतकरी बंधूंनो, याच मातीतलं एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, राजकारण घटकाभर बाजूला ठेवा. २००४ साली लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते आणि महत्त्वाची कामं उरकून घ्या असं सुचवलं होतं, ही गोष्ट त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेली आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी केंद्रात कृषिखात्याची जबाबदारी घेतली आणि २०१४ पर्यंत, दहा वर्षं सांभाळली. उपचार चालू असताना दुपारपर्यंत कार्यालयात काम आणि त्यानंतर दवाखाना, असा दिवसाचा क्रम त्यांनी सांगितला आहे.

या गोष्टीतली हिंमत आपण नेहमी सांगतो. त्यातली दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही. दुखण्यानंतर त्यांच्या चेहऱ्याची ठेवण बदलली, बोलणं बदललं. शब्द पूर्वीसारखे सुटे येत नाहीत, हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला कळतं. पण त्यांनी तोंड झाकून घेतलं नाही. तोच पांढरा सदरा, तीच नीट केलेली दाढी, आणि माईकसमोर तोच माणूस. लोकांनी पहिल्या काही सभांत चेहऱ्याकडं पाहिलं असेल. पुढं सवय झाली आणि लोक बोलणं ऐकू लागले. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात ते बोलले, तेव्हा उच्चार कसे आहेत याचा हिशोब कुणी केला नाही. लोकांची नजर बदलते, पण त्यासाठी आधी लोकांसमोर यावं लागतं, हे यातून घ्यायचं.

यावर कुणी म्हणेल, त्यांचं काय, त्यांना दिल्ली-मुंबईचे डॉक्टर, हाताखाली माणसं. आम्हाला कोण विचारतो? प्रश्न रास्त आहे. कवळी, जबड्याची दुरुस्ती, प्लास्टिक सर्जरी या गोष्टींना पैसा लागतो. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना या नावानं सुरू झाली. तिचं संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, पुढची कोणती दुरुस्ती योजनेत बसते ते विचारा. जीव वाचवण्याचं ऑपरेशन झालं म्हणून कागद पेटीत टाकू नका. पण बाकीच्या निम्म्या गोष्टींना पैसा लागतच नाही, किंवा लागला तर एका खताच्या गोणीपेक्षा कमी लागतो. त्या तरी करायला काय हरकत आहे?

पहिली गोष्ट कपड्यांची. दुखण्यात वजन उतरतं. जुने कपडे ढगळ होतात, आणि ढगळ कपड्यातला माणूस आहे त्यापेक्षा जास्त खंगलेला दिसतो. समोरचा लगेच म्हणतो, "पार वाळलास की रे!" हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकलं की धडधाकट माणूससुद्धा आजारी पडेल. तेव्हा दोन सदरे आणि एक पायजमा किंवा पँट गावच्या शिंप्याकडून मापात दाबून घ्या. शिंप्याला सांगा, शिवणीत कापड राखून ठेव, वजन वाढलं की पुन्हा सोडता येईल. मानेला किरणोपचार झाले असतील तर कडक कॉलर टाळा, मऊ सुती कापड वापरा. तिथली कातडी उन्हानं लवकर भाजते, म्हणून रानात जाताना उपरणं जरूर घ्या. पण ते उन्हासाठी. संध्याकाळी पारावर बसताना ते खांद्यावर राहू द्या.

दाढीचंही तसंच. किरणोपचार घेतलेल्या जागी वस्तरा किंवा ब्लेड फिरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. विजेचं मशीन त्या मानानं सुरक्षित. वासाचे साबण, तुरटी, दाढीनंतरचं झोंबणारं पाणी तिथं लावू नका. सलूनमध्ये जायला संकोच वाटत असेल तर पहिल्या एक-दोन वेळा कारागिराला घरी बोलवा. तिसऱ्या वेळी मात्र दुकानात जा. गावातल्या निम्म्या गप्पा तिथं होतात, आणि पुन्हा माणसांत यायला त्यापेक्षा सोपी जागा नाही.

कर्करोगाच्या औषधांनी गेलेले केस बहुतेक वेळा उपचार संपल्यावर काही आठवड्यांत उगवू लागतात. सुरुवातीला ते मऊ, कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येतात, त्यानं घाबरू नये. या काळात केस उगवायचं तेल आणि ताकदीची पुडी विकणारे बरोबर घर शोधत येतात. त्यांना दारातूनच रामराम करा. मिशीला-केसाला कलप लावायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, केस नीट वाढल्यावर लावा.

आता बायकांविषयी. हे जरा स्पष्टच लिहितो, कारण आपण ते बोलत नाही. पुरुषाचं डोकं उघडं पडलं तर टोपी आहे. बाईचे केस गेले तर आपल्या समाजात त्याचा अर्थ वेगळाच लागतो. विधवेचं केशवपन करण्याची रीत गेली, पण बिनकेसांच्या बाईकडं पाहण्याची ती नजर अजून गेलेली नाही. नवरा शेजारी बसलेला असतानासुद्धा हळदी-कुंकवाला तिला बोलवायचं की नाही, अशी कुजबुज चालते. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या बाईला ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून त्या हातात घट्ट बांगड्या नकोत, घट्ट बाहीचा ब्लाउज नको, इंजेक्शन नको, आणि रानात काम करताना काटा-कोयता लागू नये म्हणून हातमोजा हवा. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण गावात पहिला प्रश्न येतो, "हात मोकळा का?" त्या एका प्रश्नापायी कितीतरी बाया घट्ट बांगड्या भरतात आणि हात सुजवून घेतात.

तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांनी, सासूबाईंनी, जावांनी हे काम हातात घ्यावं. सैल बांगडी चालते का हे डॉक्टरांना विचारा, चालत असेल तर तीच भरा, नसेल तर दुसऱ्या हातात भरा. ब्लाउज सैल बाहीचा नवा शिवून घ्या. आतून कापडी पिशवी शिवून, त्यात मऊ भर घालून दोन्ही बाजू सारख्या करता येतात. तयार वस्तूही मिळतात, ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं चौकशी करावी. डोक्यावर पदर आपल्याकडे आहेच, आतून सुती रुमाल बांधला की पदर घसरत नाही. आणि हळदी-कुंकवाचं पहिलं बोलावणं त्याच घरी पाठवा. हे चोचले नाहीत. बाई पुन्हा चारचौघीत बसू लागली तर औषध आणि तपासणीसुद्धा वेळेवर करते, हे तिच्या घरच्यांना सांगायला नको.

लकवा मारलेल्या माणसाची अडचण वेगळी. त्याला कुणीतरी कपडे घालतं, आणि घालणारा घाईत असतो. साधी रीत अशी: घालताना आधी अधू हात बाहीत घालायचा, मग चांगला, काढताना आधी चांगला, मग अधू. गुंड्यांच्या जागी चिकटपट्टी लावली की पुष्कळांना एका हातानं सदरा घालता येतो. वेळ लागेल, लागू द्या. स्वतः घातलेल्या वाकड्या सदऱ्यानं माणसाला जो धीर येतो, तो दुसऱ्यानं घातलेल्या इस्त्रीच्या सदऱ्यानं येत नाही.

भेटायला जाणाऱ्यांनाही दोन शब्द. आपण बिस्किटाचा पुडा नाहीतर सफरचंदं घेऊन जातो आणि बसल्या-बसल्या सुरू करतो, "आमच्या मेव्हण्यालाबी हेच झालं होतं, सहा महिन्यांत गेला." अरे बाबा, तू धीर द्यायला आलास की निरोप द्यायला? त्यापेक्षा विचारा, उसाला खोडव्यात खत कधी टाकावं, गाय कुणाकडनं घ्यावी. ज्याला सल्ला विचारला जातो तो माणूस ताठ बसतो. दुसरं, कर्करोग ताटातून, तांब्यातून पसरत नाही. क्षयाचं म्हणाल तर औषध नेमानं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांपासून लागण होण्याचा धोका राहत नाही, मात्र कोर्स पुरा केला पाहिजे. तेव्हा वेगळी पंगत आणि वेगळा कप ही डॉक्टर सांगतील तेवढीच आणि तेवढेच दिवस.

आता गावकारभारी मंडळींकडं वळतो. सरपंच, सदस्य, सोसायटीचे चेअरमन आणि आमचे भाऊसाहेब. तुम्ही म्हणाल, कपडे आणि दाढी हा काय ग्रामपंचायतीचा विषय आहे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हाही कुणी म्हणालं असेल की कुंकू-बांगड्या हा काय पंचायतीचा विषय? पण १७ मे २०२२ ला शासनानं परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. गावानं ठरवलं तर रीत बदलते, आणि एका गावानं बदलली तर शासनालाही दखल घ्यावी लागते. ठरावानं सगळी मनं बदलत नाहीत हे खरं. पण ज्याला बदलायचंय त्याला पाठीशी कागद मिळतो.

तुम्ही करावीत अशी कामं थोडी आणि बिनखर्चाची आहेत. गावात मोठ्या दुखण्यातून उठलेली माणसं कोण, हे आशाताईंना माहीत असतं. गावची आरोग्य, पोषण व पाणीपुरवठा समिती आहे, तिच्या बैठकीत कुणाचं नाव न पुकारता हा विषय घ्या. जो माणूस आजारामुळं समितीतून, सोसायटीतून बाजूला झाला, त्याची जागा परस्पर भरू नका. आधी त्याला घरी जाऊन विचारा. बोलायला त्रास होत असेल तर त्याचं म्हणणं लिहून घ्या आणि सभेत वाचून दाखवा. ग्रामसभेत खुर्ची पुढं ठेवा. १५ ऑगस्टला झेंड्याला बोलवा. झेंड्याचं निमंत्रण आलं की माणूस आपोआप दाढी करतो, धुतलेला सदरा काढतो. त्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

यात एक पथ्य मात्र पाळा. कुणावर जबरदस्ती नको. मोठ्या दुखण्यानंतर थकवा महिनोन् महिने राहतो. आज बाजारात आलेला माणूस उद्या दिवसभर झोपून राहील, म्हणून तो खचला असं समजू नये. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं आठवडे-दोन आठवडे चाललं तर मात्र डॉक्टरांना सांगावं. मनाचं दुखणं हेही दुखणंच आहे. आणि चेहरा बरा दिसतो म्हणून पुढची तपासणी चुकवू नये.

जाता जाता तंबाखूचं. राज्यात गुटख्यावर बंदी २०१२ सालापासून आहे, तरी पुडी कुठं मिळते हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. आर. आर. पाटील २०१५ साली याच तोंडाच्या कर्करोगानं गेले. तंबाखू-सुपारीची सवय वेळीच सोडायला हवी होती, असं पवारांनीही जाहीरपणे सांगितलं आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसापुढं, "आता काय, होऊन गेलं!" असं म्हणत चंची उघडणारा मित्र कामाचा नाही.

येत्या ग्रामसभेच्या आधी आपल्या आळीत असं कुणी घरात बसून आहे का, एवढं बघा. असेल तर आदल्या दिवशी जा आणि सांगा, "उद्या दहाला येतो, तयार राहा, बरोबरच जाऊ." आणि दहाला खरंच जा.