बेस कॅम्प म्हणजे एव्हरेस्ट नव्हे, मंडळी!

गेल्या आठवड्यात स्टँडसमोर आणखी एक फ्लेक्स लागला. 'आपल्या मातीतला एव्हरेस्टवीर!' खाली शुभेच्छुकांची रांग. मी त्या पोराला फोन लावला. म्हणाला, "सर, मी बेस कॅम्पला जाऊन आलो. फ्लेक्स मित्रांनी लावला."

पोरगा प्रामाणिक आहे, त्याला बोल नाही. बोल फ्लेक्सवाल्यांना आणि त्यांच्याआधी आम्हा पत्रकारांना. काही वर्षांपूर्वी अशाच एका ट्रेकची बातमी मीच 'एव्हरेस्टला गवसणी' म्हणून दिली होती. प्रेसनोट आली, फोटो आला, छापून मोकळा झालो. चूक माझी, आज जाहीर कबूल करतो.

आता फरक ऐका. लुक्लाला विमानानं उतरायचं. मग नामचे, तेंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप असं आठ-नऊ दिवस चालत ५,३६४ मीटरवर पोचायचं. हा झाला बेस कॅम्पचा ट्रेक. सोपा नाही. हवा विरळ, डोकं ठणकतं, घास उतरत नाही. करून आला त्याचं जरूर कौतुक करा. पण शिखर आहे ८,८४८.८६ मीटरवर, म्हणजे तिथून पुढं आणखी साडेतीन किलोमीटर उभं! बेस कॅम्पवरून ते दिसतसुद्धा नाही. बघायचं तर शेजारच्या काला पत्थरवर चढावं लागतं.

"शब्दानं काय बिघडतं हो?" असं काहीजण म्हणतील. बिघडतं. कारण ते फ्लेक्स बघून आपल्याच तालुक्यातलं बावीस वर्षांचं दुसरं एक पोरगं आता थेट शिखराला निघालंय. पावतीपुस्तक छापून तयार. मी विचारलं, गिर्यारोहणाचा कोर्स केलास? नाही. सहा हजार मीटरचं एखादं शिखर? नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत म्हणे. अरे बाळा, कळसूबाई १,६४६ मीटर!

बेस कॅम्पच्या पुढं लगेच खुंबूचा हिमप्रपात लागतो. सरकणारा बर्फ, खोल भेगा, त्यांवर टाकलेल्या शिड्या. तिथंच १८ एप्रिल २०१४ ला हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते कुणाचे दोर वाहत होते? शिखरावर झेंडा फडकवायला आलेल्या पाहुण्यांचे. शिड्या टाकणारे, दोर बांधणारे, ऑक्सिजनच्या बाटल्या वर नेणारे शेर्पा. कामी रिता शेर्पांनी मे २०२५ मध्ये ३१व्यांदा ते शिखर गाठलं. आपल्या सत्कारात कधी एखाद्या शेर्पाचं नाव ऐकलंत?

आठ हजार मीटरच्या वर माणसाला कुणी उचलून खाली आणेल याची खात्री नसते. २०१९ मध्ये शिखराजवळ लागलेल्या रांगेचा फोटो जगानं पाहिला. अननुभवी माणूस तिथं स्वतःबरोबर आपल्या शेर्पाचाही जीव टांगणीला लावतो. आणि खोटेपणाचं म्हणाल तर २०१६ मध्ये बनावट फोटो दाखवून शिखर गाठल्याचा दावा करणाऱ्या दोघांवर नेपाळनं दहा वर्षांची बंदी घातली. दोघं महाराष्ट्रातलेच होते. सत्काराची घाई माणसाला कुठवर नेते बघा.

पुण्याच्या गिरिप्रेमीची माणसं २०१२ मध्ये शिखरावर पोचली, ती वर्षानुवर्षं सह्याद्री आणि हिमालय तुडवून. पावतीपुस्तकावर नाही.

नुसत्या परवान्याचीच फी आता १५,००० डॉलर आहे. सगळा खर्च लाखोंच्या घरात. एवढी वर्गणी जमली की पोराला मागं फिरणंच अवघड होतं. हवा बिघडली, छाती भरून आली, तरी गावाला काय तोंड दाखवू म्हणून तो वर जात राहील. त्याच्या पाठीवर ते ओझं आपण लादतोय, हे ध्यानात घ्या.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वर्गणी द्या, पण आधी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या बेसिक कोर्ससाठी द्या. मग अॅडव्हान्स कोर्स, मग सहा हजार, मग सात हजार. पाच-सात वर्षं जातील. जाऊ द्या. एव्हरेस्ट कुठं पळून चाललंय?

काहीजण विचारतील, तू काय चढलास? काहीच नाही. गुडघे दुखतात माझे. पण उद्या त्या पोराच्या आईसमोर माईक धरायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच मागणं आहे.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा. पण पावती फाडण्याआधी त्या पोराला दोन प्रश्न नक्की विचारा.