हाताची चव, पण हात कुणाचा?

मराठी माणसाची काही वाक्यं अशी आहेत की ती म्हणताना त्याचे डोळे आपोआप मिटतात. 'आईच्या हाताची चव कशाला येणार नाही' हे त्यातलं पहिलं. मीही हे वाक्य चाळीस वर्षं डोळे मिटूनच म्हणत आलो. आता उघड्या डोळ्यांनी सांगतो : हे वाक्य म्हणणाऱ्या गृहस्थांना कणकेच्या परातीत हात घालताना फारसं कुणी पाहिलेलं नसतं. निदान मला तरी कुणी पाहिलेलं नव्हतं.

हे डोळे उघडले ते एका यंत्रापायी. दिवाळीत लेक आणि जावई पुण्याहून अमरावतीला आले, ते एक भलंमोठं खोकं घेऊन. आत पाव करायचं यंत्र! दिसायला तांदळाच्या डब्याएवढं. आत एक लहानशी बादली, बादलीच्या तळाला एक फिरतं पातं, भोवती विजेचं वेटोळं आणि वर बटणांची रांग. त्यातल्या एका बटणावर लिहिलेलं होतं, 'फ्रेंच'.

"बाबा, फ्रेंच पावात फक्त चार वस्तू," लेक म्हणाली. "मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. तेल नाही, दूध नाही, साखर नाही."

"मग खायचं काय?" मी विचारलं.

तिनं तिकडे दुर्लक्ष केलं. बादलीत 260 मिलिलिटर पाणी, त्यावर 400 ग्रॅम मैदा, एका कोपऱ्यात 8 ग्रॅम मीठ आणि मैद्याच्या ढिगावर खळगा करून चमचाभर यीस्ट. यीस्ट आधी भिजता कामा नये, म्हणून ते सगळ्यांत वर. बटण दाबलं. यंत्रानं घूस माती उकरते तसा आवाज काढला, मग ते गप्प बसलं, मग पुन्हा उकरू लागलं. चार तासांनी पाव बाहेर आला तो बादलीच्याच आकाराचा, आणि बुडाला पात्यानं पाडलेलं भोक. सिनेमातल्या पॅरिसकराच्या काखेत हातभर लांब दंडुका दिसतो, तो यातून निघायचा नाही. बादलीत घातलं की बादलीच निघणार.

पाव मात्र चांगला होता. कवच कुरकुरीत, आत मऊ, वर लोणी. पण चांगला म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "ठीक आहे. पण याला हाताची चव नाही."

सौ. टेबल पुसता पुसता म्हणाली, "अहो, कुणाच्या हाताची?"

हा प्रश्न मी ऐकला नाही असं दाखवलं. संसारात कान मिटायचीही सवय असावी लागते.

दुसऱ्या दिवशी छत्री तलावावर आमच्या फिरणाऱ्या मंडळात मी हा विषय मांडला. आम्ही सहाजण, सगळे निवृत्त, सगळ्यांची पोटं भरलेली. ठराव एकमतानं पास झाला : पावयंत्र हे परकीय आहे, आळशीपणाचं आहे आणि त्यानं अन्नातला माणूस जातो. भाषण माझंच सगळ्यांत जोरदार झालं. ते सगळं मी आज मागं घेतो आहे.

कारण पौषात आम्ही अकोल्याला अक्काकडे गेलो. गावाबाहेर तिचं शेत आहे. रोडग्यांचा बेत होता. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक मळायची, तिच्या लहान पुऱ्या लाटून तेलाचं बोट लावून थरावर थर ठेवायचे, गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या आरात भाजायचा. मग तो फोडून वर तूप, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. आम्ही पुरुषमंडळी आर सांभाळत होतो. म्हणजे एकजण काठीनं गोवऱ्या हलवत होता आणि बाकीचे नऊजण त्याला कसं हलवायचं ते सांगत होते. एवढ्यावर आम्ही आयुष्यभर 'रोडगे आम्ही केले' असं सांगत आलो.

पाणी प्यायला म्हणून मी घरात गेलो. अक्का परातीपुढे बसली होती. वय सत्तरीच्या पुढे. बोटांची पेरं सुजून लिंबाएवढी झालेली, मुठी वळत नव्हत्या, म्हणून ती मनगटांनी कणीक दाबत होती. समोर पाच किलोंचा डोंगर.

"अक्का, सरक. मी मळतो."

"तू? काहून रे बाप्पा, तब्येत बरी आहे ना तुही?"

मी बसलो. पाचव्या मिनिटाला खांदा बोलू लागला, आठव्या मिनिटाला पाठ बोलू लागली, दहाव्या मिनिटाला कणीक परातीबाहेर आणि मी भिंतीला टेकलेला. अक्का हसली. हसता हसताच म्हणाली, "हाताची चव, हाताची चव करता तुम्ही लोक. तुमच्या चवीपायी माहे हात गेले ना रे!"

त्या दिवशी रोडगा माझ्या घशाखाली उतरला, पण डोळे काही मिटले नाहीत.

तेव्हा मंडळातल्या माझ्या मित्रांनो, तुमच्या ठरावाला आता माझं उत्तर ऐका.

म्हणे, यंत्र परकीय. मान्य. पण ज्या ज्वारीच्या भाकरीची आपण शपथ घेतो, ती ज्वारी मुळात आफ्रिकेतली. ज्या मिरचीवाचून वऱ्हाडी माणसाच्या डोळ्यांत पाणी येत नाही आणि जेवल्यासारखंही वाटत नाही, ती अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनी आली. पावही त्यांच्याबरोबरच गोव्यात उतरला. परकीय म्हणून हाकलायला लागलो तर ताटात मीठ आणि सुतक एवढंच उरेल.

म्हणे, आळशीपणा. जून 2022 मध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत घातला गेला, गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि आपण सहाहीजणांनी छाती फुगवली. त्यात माणसं राबलीच, पण यंत्रंही राबली. तेव्हा आपल्यापैकी कुणीही म्हणालं नाही की या डांबराला हाताची चव नाही! यंत्र रस्त्यावर आलं की प्रगती आणि ओट्यावर आलं की आळस, हा न्याय कुठला? गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली. जात्यावरच्या ओव्यांनी गहिवरणारे पुष्कळ भेटतात. पहाटे उठून पायलीभर दळून दाखवणारा त्यातला एकही मला भेटलेला नाही.

म्हणे, यंत्रानं अन्नातला माणूस जातो. तर मग ऐका. 1985 च्या सुमारास जपानात मात्सुशिता कंपनी घरगुती पावयंत्र करू पाहत होती. पाव बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. इंजिनियरांनी कणकेचे क्ष-किरण फोटोसुद्धा काढून पाहिले. उपयोग शून्य. तेव्हा इकुको तानाका नावाची त्यांच्यातली एक बाई ओसाकातल्या एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे मळणं शिकायला गेली. तिच्या लक्षात आलं की तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पिळतो. तो पीळ यंत्रात आणण्यासाठी भांड्याला आतून कंगोरे दिले गेले, आणि 1987 मध्ये यंत्र बाजारात आलं. म्हणजे यंत्रसुद्धा आधी कुणाच्या तरी हाताशी बसून शिकलं. आपण आईच्या, अक्काच्या, बायकोच्या हातचं जन्मभर खाल्लं आणि शिकलो काय? तर डोळे मिटायला.

आणि ज्यांच्या नावानं हे बटण आहे त्या फ्रेंचांचं काय? तिथली गृहिणी सहसा पाव घरी करतच नाही. कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडून आणते. म्हणून तिच्या हाताची चव गेली असं तिला कुणी ऐकवत नाही. पावाचा अभिमान मात्र त्यांना इतका की 1993 मध्ये त्यांनी सरकारी हुकूमच काढला : परंपरागत फ्रेंच पाव म्हणायचा असेल तर कणीक गोठवायची नाही, त्यात रसायनं घालायची नाहीत. मळायच्या यंत्राला मात्र त्यात बंदी नाही. 2022 मध्ये युनेस्कोनं त्यांच्या त्या लांब पावाची कारागिरी जगाच्या वारशात नोंदवली. त्या कारागिरांच्या दुकानांतही कणीक यंत्रच मळतं. हात राखून ठेवलेले असतात ते हाताच्या कामाला : कणीक जोखायला, वळायला, चिरा द्यायला.

यंत्राचीही आरती मी ओवाळणार नाही. फ्रेंच पावाच्या कणकेला चोवीस-पंचवीस अंश मानवतात. आपल्याकडे मे 2024 मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. तसल्या दिवसांत कणीक वेळेआधीच फुगून झाकणाला टेकते, आणि यंत्राचं घड्याळ भाजायची वेळ सांगेपर्यंत दमून खाली बसते. त्यावर उपाय म्हणजे फ्रिजमधलं गार पाणी, यीस्ट थोडं कमी आणि पहाटेची वेळ. मध्येच वीज बराच वेळ गेली तर यंत्र सगळं विसरतं आणि आपल्यापुढे कोमट लगदा उरतो. शिवाय मैदा तो मैदाच. कणीक मिसळावी तर पाणी वाढवावं लागतं आणि पाव जड होतो. तेल नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याची वीट होते. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या जरूर कराव्यात. पण त्या करण्याचा अधिकार बादली धुणाऱ्याला आहे, डोळे मिटणाऱ्याला नाही.

मी आता धुतो. यंत्राला मळण्यापुरतंच बटण असतं, दीड तासाचं. ते लावतो, मळलेली कणीक बाहेर काढून स्वतः लांब वळतो, ब्लेडनं चिरा देतो आणि ओव्हन 230 अंशांवर तापवून, तळाशी पाण्याची थाळी ठेवून भाजतो. त्या वाफेनं कवच चकचकीत होतं. पहिले चार पाव मुसळासारखे झाले. पाचवा काखेत मारण्याजोगा झाला.

गेल्या महिन्यात ते यंत्र मांडीवर घेऊन एस.टी.नं अकोल्याला गेलो. अक्काच्या ओट्यावर पाव केला. तिनं सुजलेल्या बोटांनी तुकडा मोडला, वांग्याच्या रश्शात बुडवला, बराच वेळ चावला, आणि काय सांगू, डोळे मिटले.

"बरा आहे," ती म्हणाली. "पन याले हाताची चव नाई."

मी पिठानं माखलेले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "अक्का, अगं हात माझेच आहेत!"

अक्कानं एक डोळा उघडला.

"मंग तं म्हनूनच!"