इतिहासाचा 'ध'चा 'मा'

पुण्यात 'हेरिटेज वॉक' नावाच्या फेऱ्यांचे पेव फुटले आहे. वास्तुकलेच्या निमित्ताने का होईना, तरुण पिढी शनिवारवाड्याच्या उंबरठ्याशी येते, याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो तिच्या कानावर काय घातले जाते, हा. दिल्ली दरवाजासमोर जमलेल्या घोळक्याला मोठ्या चवीने ऐकवली जाते ती पौर्णिमेच्या रात्री घुमणारी 'काका, मला वाचवा' ही हाक! ३० ऑगस्ट १७७३ रोजी अवघ्या १८ वर्षांच्या नारायणरावांची गारद्यांनी केलेली हत्या हा मराठी राज्याच्या काळजावरचा व्रण. त्याची भुताटकी करून तिकिटे विकणे, हा कोणता वारसा?

ज्या वास्तूसाठी ही फेरी, ती वास्तू मात्र मुकीच राहते. १० जानेवारी १७३०, वार शनिवार, या दिवशी थोरल्या बाजीरावांनी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोनच वर्षांत! खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. नऊ बुरूज, पाच दरवाजे. हत्तींची धडक परतवणारे अणकुचीदार खिळे ज्याच्या कवाडांवर आहेत, तो मुख्य दरवाजा उत्तरेकडे, दिल्लीच्या दिशेने उघडतो. बाजीराव १७३७ मध्ये खरोखरच दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले होते, हे सांगायला किती वेळ लागतो? आत केवळ जोती का उरली, याचेही उत्तर त्या सागवानातच आहे. १८२८ ची आग सात दिवस धुमसत होती. लाकडी मजले गेले, दगड राहिला.

आता खडकीच्या युद्धस्मारकाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातील १६०० हून अधिक सैनिकांच्या समाधींची राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग निगुतीने देखभाल करतो. प्रत्येक ज्ञात मृताचे नाव दगडावर कोरलेले. तेथे पाहुण्यांचा आवाज आपोआप खाली येतो, आणि तो यावाच. हुतात्म्याचा मान राखणे आपल्या संस्काराला परके नाही. मग त्याच खडकीच्या परिसरात ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या, मोर दीक्षितांसारखे सरदार ज्यात पडले त्या फौजेच्या वाट्याला निदान पाच मिनिटे का येऊ नयेत? अवघ्या बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वाडा आणि रणांगण यांना जोडणारा हा धागाच फेरीतून गळतो.

इंग्रजांनी लिहिलेला इतिहास वाचून आपण आपल्याच घरात पाहुणे झालो, असे पूर्वी म्हणत. आता तेवढेही वाचन उरलेले दिसत नाही. तेव्हा पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारावे : वाटाड्याने मराठी रियासत चाळली आहे काय? उत्तर नकारार्थी आले, तर मुलांना स्वतःच घेऊन जा. दिल्ली दरवाजाच्या आत, भिंतीवर शेषशायी विष्णू आणि गणेश यांच्या चित्रांचे अवशेष आहेत. ते आधी दाखवा.