साक्षीच्या पिंजऱ्यातला मास्तर

मास्तरांना मानवी हक्कांचं ट्रेनिंग द्या, असं आता सगळेच म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघानं १९९५ ते २००४ हे अख्खं दशक मानवी हक्क शिक्षणाच्या नावानं काढलं. २०१० ते २०१४ च्या टप्प्यात शिक्षकांचं प्रशिक्षण खास अजेंड्यावर घेतलं. २०११ साली जाहीरनामा काढला. त्यात लिहिलं की हक्कांविषयी शिकवा, हक्क पाळत शिकवा आणि हक्कांसाठी लढता येईल असं शिकवा. कागद चांगलाय. आमचं त्याच्याशी भांडण नाही.

आमचा सवाल साधा आहे. ट्रेनिंग घेऊन आलेला मास्तर वेळ आली की आमच्या पोराच्या बाजूनं उभा राहणार की नाही? नसेल राहणार, तर ते चहा-बिस्कीट, ते सर्टिफिकेट आणि तो ग्रुप फोटो तुमचा तुम्हाला लखलाभ!

शहाडच्या वर्गात कोण बसतं ते आधी बघा. कल्याण सोडलं की पुढचं स्टेशन शहाड. इकडं सेंच्युरी रेयॉनची चिमणी, तिकडं उल्हासनगरचे कॅम्प. पुढं मोहने, जिथली एनआरसी २००९ साली बंद पडली आणि कामगारांची घरं कोलमडली. मराठवाड्यातनं, विदर्भातनं, खानदेशातनं पोटासाठी आलेल्यांची पोरं या बाकांवर आहेत. झाडूवाल्याची आहेत, नाक्यावर उभं राहणाऱ्याची आहेत, कंत्राटी कामगाराची आहेत. २३ सप्टेंबर २०२३ ला सेंच्युरीत टँकरचा स्फोट झाला, कामगार मेले. जगण्याचा हक्क म्हणजे काय, यावर वर्गात अख्खा तास घेता आला असता. पण तसा तास घ्यायला मास्तरला कोण शिकवतं? बी.एड. २०१५ पासून एकाचं दोन वर्षांचं झालं. पाठ-टाचण काढायला शिकवलं, फळ्यावर अक्षर कसं काढायचं ते शिकवलं. पण फॅक्टरीच्या भिंतीपलीकडं मरणारा माणूस कुठल्या कलमात बसतो, ते कोण सांगणार?

दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस मार्कांचा एक पेपर. त्यातही राज्यशास्त्र धाकटं भावंडं. हक्क म्हणजे पाठ करायचे मुद्दे, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. २६ जानेवारी २०२० पासून सरकारनं शाळाशाळांत उद्देशिकेचं वाचन सक्तीचं केलं. चांगलं केलं. सकाळी परिपाठात पोरं एका सुरात म्हणतात : प्रतिष्ठा, समानता, बंधुता. परिपाठ संपतो, वर्ग भरतो आणि मास्तर हाक देतो, ‘चला, स्कॉलरशिपवाले उभे राहा!’ साठ पोरांत वीस उभी राहतात. कोण कुणाचं, ते अख्ख्या वर्गाला कळतं. मागनं कुणीतरी म्हणतं, ‘सरकारचे जावई.’ मास्तर हसतो, किंवा ऐकलंच नाही असं दाखवतो. झाला मानवी हक्कांचा तास! पोरानं त्या दिवशी जे शिकायचं ते शिकलं. पुस्तकातलं नव्हे, मास्तरच्या हसण्यातलं.

हा तरी हसण्यावारी नेण्याचा मामला, असं कुणी म्हणेल. मग खर्ड्याला चला. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४. नितीन आगे, वय १७, आपल्यातलं पोर. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरनं त्याला शाळेपासनं मारत नेलं, जिवे मारलं आणि प्रेत झाडाला लटकवलं, असा खटला उभा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सेशन कोर्टातनं आरोपी सुटले. का? साक्षीदार उलटले म्हणून. आणि उलटलेल्यांत शाळेतले शिक्षकही होते.

दोस्तहो, इथं थांबा. पोलिसांपुढं एक जबानी आणि कोर्टात दुसरी. ज्या शाळेत नितीननं नागरिकशास्त्र शिकलं असेल, त्या शाळेची भिंत पिंजऱ्यात उभी राहून मुकी झाली. या मास्तरांना कलम १७ ठाऊक नव्हतं काय? अॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा ऐकून माहीत नव्हता काय? सगळं ठाऊक असतं. ज्ञान कमी पडलं असं म्हणणं ही मखलाशी आहे. कमी पडली ती पाठीशी उभी असणारी ताकद.

म्हणून नुसता मास्तरलाच झोडपून भागायचं नाही. त्यालाही गावात राहायचंय. त्याची पोरं त्याच रस्त्यानं जातात. आणि शहरात तरी काय वेगळं? नवा मास्तर लागतो तो शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षं मानधनावर. त्याची मान संस्थाचालकाच्या मुठीत. संस्थाचालक कोण, तर वॉर्डातला पुढारी किंवा पुढाऱ्याचा मेव्हणा. हा शिक्षण सेवक स्टाफरूममध्ये उठून म्हणणार का, की सर, संडास धुवायला दरवेळी त्याच पोरांना का पाठवता? म्हटलं तर चौथ्या वर्षी तो कुठं असेल?

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली गोष्ट स्वतः लिहून ठेवलीय. घरनं आणलेल्या गोणपाटावर बसायचं. तहान लागली तर मास्तरची परवानगी पुरायची नाही. नळ सोडायला शिपाई हजर पाहिजे. शिपाई नसला तर पोर तहानलेलं. ही गोष्ट लोक ऐकतात आणि हळहळतात. आम्ही त्यातनं वेगळा धडा घेतो. परवानगी देणारा मास्तर तिथं होता. पण त्याच्या परवानगीला किंमत नव्हती, कारण नळ त्याच्या हातात नव्हता. आजचं ट्रेनिंग परवानगी देणारे मास्तर घडवतंय. नळाचं काय, ते बोलत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हाच मुद्दा ठणकावून मांडला होता. शिक्षक प्रशिक्षित पाहिजे आणि तो कष्टकरी शेतकरी जातींतला पाहिजे, पोरांत मिसळणारा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मास्तर कसा घडवायचा आणि कुणातनं घडवायचा, हे दोन सवाल एकच आहेत. सव्वाशेच्या वर वर्षं झाली. पहिल्या सवालावर परिसंवाद होतात, दुसऱ्यावर दातखीळ बसते.

होत नाही असं नाही. तमिळनाडूत पीपल्स वॉच या संघटनेनं १९९७ पासून शाळांत मानवी हक्कांचे वर्ग सुरू केले. सहावी, सातवी, आठवी, असे तीन वर्षं. त्यासाठी मास्तरांना आधी ट्रेनिंग. मोनिषा बजाज यांनी या कामावर २०१२ साली पुस्तक लिहिलं. त्यात छडी टाकून दिलेले मास्तर आहेत, पोरांसोबत अन्यायात हस्तक्षेप करणारे मास्तर आहेत. म्हणजे मास्तर बदलतो. पण त्याच्यामागं संघटना उभी होती, हे विसरू नका. एकटा मास्तर बदलला की त्याची बदली होते!

तेव्हा आमचं म्हणणं ऐका.

एक : ट्रेनिंग हॉटेलच्या हॉलमध्ये नको, वस्तीत घ्या. शहाडच्या रुळांकडेला, आंबिवलीच्या चाळीत. शिकवणारा बॅरिस्टर नको. झाडू मारणारी बाई आणि शाळा सुटलेलं पोर मास्तरांना शिकवतील.

दोन : मास्तरनं आधी स्वतःचा वर्ग तपासावा. मागच्या बाकावर कोण, पाणी कोण भरतं, संडास कोण धुतं, मॉनिटर कोण, नापास कोण. हाच त्याचा पहिला पेपर. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं, कलम १७ खाली, पोराला मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय. ‘जावई’ म्हणणं हा छळच आहे, हे त्या पेपरात लिहा.

तीन : स्कॉलरशिपची यादी वर्गात वाचणं बंद. फॉर्म घरी द्या, पैसा खात्यात जातो.

चार : अन्यायाविरुद्ध साक्ष देणाऱ्या मास्तरची नोकरी कुणी हलवणार नाही, असा लेखी नियम हवा. शिक्षण सेवकालाही तो लागू. हे झाल्याशिवाय मानवी हक्कांचं ट्रेनिंग म्हणजे थोतांड.

शेवटचं आपल्या पोरांना. तुमच्यातले कितीतरी डी.एड., बी.एड. होऊन बसलेत, टीईटीच्या रांगेत आहेत. उद्या तुम्ही वर्गात जाल. फळ्यापुढं उभं राहाल तेव्हा साताऱ्याचा नळ आठवा आणि खर्ड्याचा पिंजराही आठवा. मास्तरची परीक्षा बोर्ड घेत नाही. ती एक दिवस कोर्टात, नाहीतर स्टाफरूममध्ये होते. तिथं उत्तर बघून लिहायला मिळत नाही. आणि तिथं एकट्यानं बसू नका. संघटना घेऊन बसा.

जय भीम!