तालुक्याचा कारभारी कुठे घडतो?

दिवाळी अंकाच्या संपादकीयात साहित्याच्या प्रकृतीची विचारपूस करावी, कागदाच्या भावाबद्दल थोडी कुरकुर करावी आणि लेखक-जाहिरातदारांचे आभार मानून मोकळं व्हावं, अशी रीत आहे. आभार आम्हीही मनापासून मानतो. कुरकुर मात्र यंदा कागदाबद्दल नाही.

जानेवारी 2026 मध्ये मुंबईसह राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. म्हणजे जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. इतर कित्येक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांची तीच गत. या काळात टेंडरं कुणाला गेली, खड्डे किती वाढले, यावर भरपूर बोलून झालं. पण किती नवी माणसं कारभार शिकायची राहून गेली, हा हिशेब फारसा कुणी मांडला नाही. आमच्या मते खरं नुकसान ते आहे.

कारभार कसा शिकला जातो ते पाहा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील 1979 साली सांगली जिल्हा परिषदेत निवडून गेले तेव्हा पंचविशीचेही नव्हते. 1990 मध्ये आमदार होईपर्यंत ते तिथेच होते. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासूनची. पुढे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री झाले आणि गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान उभं राहिलं, ते बक्षिसासाठी गावंच्या गावं झाडू घेऊन बाहेर पडली म्हणून गाजलं. गावातल्या दोन गटांना एकत्र आणायला एक चढाओढ पुरते, हे मंत्रालयात बसून सुचत नाही. त्यासाठी दहा-अकरा वर्षं जिल्हा परिषदेच्या सभांमध्ये बसावं लागतं. एस्टिमेट कसं वाचायचं, फाईल कुठल्या टेबलावर अडते, विरोधकाच्या वाडीलाही विहीर का द्यायची, हे सगळं तिथेच कळतं. 1 मे 1962 रोजी वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा सत्तेचं विकेंद्रीकरण हा हेतू होता. कारभाऱ्यांची शाळा हा त्याचा आनुषंगिक लाभ, आणि तो मूळ हेतूपेक्षा मोठा ठरला.

या शाळेत एक गोष्ट आपोआप घडायची. शिक्षक, अडत्या, बागायतदार, कंत्राटदार आणि एखादा वकील एकाच टेबलाभोवती बसायचे. एकमेकांशी त्यांचं पटायचंच असं नाही. पण पाण्याच्या टाकीचा ठराव सगळ्यांना मिळूनच करावा लागायचा. नेतृत्व घडण्याचं मर्म आम्हाला इथे दिसतं. वेगळ्या धंद्यांची, वेगळ्या शिक्षणाची माणसं एका समाईक कामाला जुंपली गेली आणि त्या कामाचा जाब त्यांना द्यावा लागला, की त्यांतून पुढारी तयार होतो. यातलं एक जरी वगळलं तरी मंडळ तयार होतं, पुढारी होत नाही.

लोणीचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं, पण त्यातली गंमत क्वचित सांगितली जाते. तिथल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याने 1950 मध्ये गाळप सुरू केलं. त्यामागचे चालक विठ्ठलराव विखे पाटील हे शाळा फारशी न शिकलेले शेतकरी. अध्यक्ष मात्र धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, केंब्रिजला शिकलेले प्राध्यापक. सुरुवातीची जवळपास दहा वर्षं हे अध्यक्षपद गाडगिळांकडे होतं. प्राध्यापक महाशयांना ऊस कळत नव्हता आणि विखे पाटलांना ताळेबंद, असं समजायचं कारण नाही. दोघांनाही दोन्ही कळू लागलं होतं, ते एकमेकांमुळे. मुंबई इलाख्याच्या सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थ आणि सहकार खातं सांभाळत होते, त्यामुळे भांडवलाच्या अडचणीला मंत्रालयातही समजूतदार कान होता. गावचा जाणता, शहरातला विद्वान आणि राजधानीतला मंत्री यांची ही साखळी होती. आज कुठल्या तालुक्यात अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि शेतकरी महिन्यातून एकदा तरी एका बैठकीला भेटतात?

उद्योगाचंही असंच. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. दहा वर्षांनी शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढायला सुरुवात केली. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं हे पत्रक पुढे मराठी मध्यमवर्गाला उद्योग, आरोग्य, स्त्रियांचं शिक्षण यांबद्दल वाचायला लावणारं मासिक झालं. पुण्यात आ. रा. भटांनी 1934 मध्ये मराठा चेंबर उभी केली, ती छोट्या कारखानदाराला एकट्याने सरकारशी भांडावं लागू नये म्हणून. ही मंडळी नुसता धंदा वाढवत नव्हती. आपल्या गावाचं काय होणार, ही काळजी त्यांच्या धंद्यातच बसवलेली होती.

त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. त्या टेबलाभोवती दलित जवळपास नव्हते आणि बायका तर नव्हत्याच. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून दार उघडलं, 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. ‘सरपंचपती’ नावाची जात त्यातूनच जन्मली, हे खरं. पण पहिल्या खेपेला नवऱ्याच्या मागे बसलेली बाई दुसऱ्या खेपेला ग्रामसेवकाला उभं करून प्रश्न विचारते, हेही खेडोपाडी लोकांनी पाहिलेलं आहे. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा सभासद बायका अंगठा उठवतात म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता. त्या बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्ही व्याज तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनी यंत्रावर करावं. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली. मग तिच्याच भोवती उद्योजक बायकांचं जाळं विणलं गेलं.

तर मग आज कमी काय आहे? शिबिरांची तर मुळीच कमतरता नाही. पुण्यात यशदा आहे, उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे, माधवराव भिड्यांनी मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब आहे. कित्येक जिल्ह्यांत पहाटे सातला जमून एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवणारे गट आहेत. यांतली बरीच कामं चांगली आहेत. पण सरपंच सरपंचांना भेटतात, कारखानदार कारखानदारांना, डॉक्टर डॉक्टरांना. शिबिर संपलं की प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि माणूस पुन्हा आपल्या गल्ल्यावर. याउलट पाणी फाउंडेशनने 2016 मध्ये तीन तालुक्यांत वॉटर कप सुरू केला, तेव्हा गावातल्या माणसांना आधी शिकवलं आणि लगेच 45 दिवसांची जलसंधारणाची स्पर्धा पुढ्यात ठेवली. शिकलेलं विसरायला सवडच दिली नाही. पुढची सगळी लगबग त्या घाईतून आली, असं आम्हाला वाटतं.

आपसातल्याच एकजुटीचं सर्वांत मासलेवाईक उदाहरण औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, जवळपास 65 कोटी रुपयांच्या. देशभर बातम्या झाल्या. लोक हसले, काहींनी मराठवाड्यातला दुष्काळ आठवून नाकं मुरडली. आम्हाला मात्र त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. इतक्या जणांना एका किमतीवर राजी करणं, बँकेला पटवणं, कंपनीला सूट द्यायला लावणं, आणि कुणाला मध्येच फुटू न देणं ही साधी कामगिरी नाही. वाळूजच्या ऑटो क्लस्टरमागेही अशीच एकजूट होती. त्याच शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांतून एकदा येतं आणि जायकवाडी धरण काही फार दूर नाही. गाड्यांच्या वेळी जी माणसं एका खोलीत बसली, ती पाण्यासाठी का बसत नाहीत? उत्तर अवघड नाही. पाण्याच्या खोलीत नगरसेवक आहे, ठेकेदार आहे, झोपडपट्टीतली बाई आहे, आणि या सगळ्यांशी बोलायची सवय कारखानदाराला उरलेली नाही. त्याच्या मते ते राजकारण, आणि राजकारण म्हणजे विटाळ.

कारभार शिकवणारी जुनी केंद्रं का सुकली, याचं खापर मात्र एकट्या कारखानदारांवर फोडता येणार नाही. साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, अभियांत्रिकी महाविद्यालय हे सगळं कित्येक तालुक्यांत एकाच घरात एकवटलं. संचालक मंडळात नवा माणूस येतो तो बहुधा धाकटा मुलगा असतो किंवा सून. जिथे वारस आधीच ठरलेला असतो तिथे उमेदवारी करायला कोण येणार? हुशार पोरगा पुण्याला जातो, तिथून बेंगळुरूला, आणि तालुक्याशी त्याचा संबंध गणपतीपुरता उरतो.

या अंकात कथा, कविता, ललित सगळं आहेच. शिवाय पुढच्या वर्षीसाठी वाचकांना एक विनंती आहे. आपल्या तालुक्यात एक काम निवडा, जे कुणा एका जातीच्या, पक्षाच्या किंवा धंद्याच्या माणसांना एकट्याने पार पाडता येणार नाही. बाजारपेठेतली गटारं असोत, सरकारी दवाखान्यातलं बंद पडलेलं यंत्र असो की नदीकाठचा कचरा. त्यासाठी अशा दहा-बारा जणांना बोलवा, ज्यांतले निम्मे तुमच्या ओळखीचे नसतील. एक तरी बाई अशी असू द्या, जिला कुणी ‘वहिनी’ म्हणून गप्प बसवणार नाही. वर्षभर दर महिन्याला बसा, ठराव वहीत लिहा आणि ठराव ज्याच्या नावावर असेल त्याला पुढच्या महिन्यात विचारा. भांडणं झाली तर तीही लिहून ठेवा. जे घडेल ते, फसलं तरी, आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या दिवाळी अंकाची पानं त्यासाठी राखून ठेवत आहोत.